परदेशातील न्हाणीघर आणि पाचवी समिती



आपल्या घरोघरची मुले आता शिक्षणासाठी, नोकरी-व्यापारासाठी परदेशी राहतात आणि आपण आईवडील वर्षातून काही महिने त्यांच्याकडे जातो. जाताना खाकरे, मसाले, औषधे, पाणी गाळण्याचे गळणे, सारे आठवणीने बांधून घेतो. तेथील शौचालय कसे वापरावे, हे मात्र आपण विचारत नाही आणि मुलेही संकोचाने सांगत नाहीत. विषय काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु या मौनाचा भार कोणावर पडतो, हे मला स्वतःच्या चुकीतून कळले, म्हणून लिहीत आहे.

माझे बालपण घोडपदेवच्या चाळीत गेले. मजल्याच्या टोकाला सामाईक शौचालये, हाती टमरेल आणि घरात कोपऱ्यात मोरी. सांडलेले पाणी उताराने मोरीकडे जाणारच, हा आमचा जन्मजात विश्वास! याच विश्वासाने मी न्यू जर्सीत मुलाच्या घरी कमोडशेजारी तांब्याने पाणी वापरू लागलो. तिसऱ्या दिवशी खालच्या स्वयंपाकघराच्या छतावर ओलसर डाग उमटला. तेथील बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी, जमीन लाकडी फळ्यांची, खालचे छत जिप्समच्या तक्त्यांचे. न्हाणीघराच्या जमिनीला पाणी जाण्यास जाळीच नसते. पाणी वापरायचे ते टबात किंवा शॉवरच्या चौकटीत. जमिनीवर सांडलेले पाणी फटींतून खाली उतरते. भाड्याच्या घरात अशा दुरुस्तीचा खर्च अनामत रकमेतून कापला जाऊ शकतो.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. पूर्वी एका सहलीत ग्रीसला गेलो असता हॉटेलात सूचना होती, की वापरलेला कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकावा. कारण तेथील जुन्या नळ्या अरुंद आहेत. परदेशची हीच रीत समजून मी अमेरिकेतही कागद डब्यात टाकू लागलो. तेथे तो कमोडमध्येच सोडायचा असतो. आठ दिवस सूनबाई तो डबा मुकाट्याने रिकामा करीत होती. अखेर मुलाने मला बाजूला घेऊन सांगितले, तेव्हा मान वर करवेना.

म्हणजे परदेशची एकच एक अशी रीत नाही. जपानमध्ये कागद कमोडमध्येच टाकतात. परदेशी पाहुणे तो डब्यात टाकतात, म्हणून अनेक ठिकाणी चित्रांसह सूचना लावलेल्या असतात. तेव्हा नव्या घरी पोहोचताच पहिल्याच दिवशी निःसंकोच विचारावे.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शौचालयाचा कागद पाण्यात लवकर विरघळावा असाच बनवतात. स्वयंपाकघरातील कागदी रुमाल व तोंड पुसण्याचे कागद भिजूनही टिकावेत म्हणून बनवलेले असतात. ओले वाइप्स तर पुष्कळदा कृत्रिम धाग्यांचे असतात. वेष्टनावर काहीही छापले असले तरी ते कचऱ्यातच टाकावेत. शंका असल्यास बाटलीभर पाण्यात तुकडा टाकून हलवावा. विरघळला नाही तर नळीतही विरघळणार नाही. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानंतर बनलेल्या कमोडची टाकी एका वेळी सुमारे ६ लिटर पाणी सोडते. म्हणून कागद मोजकाच वापरावा. शहराबाहेरच्या अनेक घरांना सेप्टिक टँक असतो. तेथे ही काळजी दुप्पट. पाण्याची सवय सुटत नसेल तर कमोडला जोडायचा छोटा फवारा मिळतो. मात्र वापरानंतर त्याची भिंतीजवळची तोटी बंद करावी. नळी फुटली तर घर भिजेल. आणि कढईतले तूप-तेल सिंकमध्ये कधीही ओतू नये, ते थंड नळीत थिजते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली चरबी व वाइप्स यांचा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा गटारात सापडला होता.

परत आलो तेव्हा वाटले, हे सारे तिकडचे. पण घोडपदेवमध्ये चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आणि वाइप्स आपल्याही घरांत आले. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीची मैल्याची नळी तुंबली. एका कामगाराने उघड्या हातांनी आतून चिंध्यांसारखे वाइप्स ओढून काढले. सभेत विचारणा झाली. एकाही घराने कबुली दिली नाही. गटारात वा मलकुंडात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही मृत्यू थांबले नाहीत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. रक्कम वाढली, हे योग्यच झाले. परंतु ती वाढवण्याची वेळ का यावी?

आपल्या पाच समित्यांपैकी ईर्या, भाषा, एषणा आणि आदान-निक्षेपण यांवर प्रवचने ऐकली होती. पाचवी उत्सर्ग समिती: मलमूत्रादी त्याज्य वस्तू जीवांना पीडा होणार नाही अशा जागी, यतनेने विसर्जित करणे. ती साधूंची आचारमर्यादा, असे समजून मी तिच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. पाणी गाळून पिताना आपण डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची काळजी घेतो. त्याच घरातून सोडलेले वाइप्स काढणारा माणूस तर डोळ्यांना दिसतो.

त्या वर्षीचे पर्युषण आम्ही मुलाकडेच केले. संवत्सरीला सर्वांना मिच्छामि दुक्कडम् म्हणून झाल्यावर सूनबाईंसमोर हात जोडून म्हणालो, "त्या डब्याबद्दल वेगळे मिच्छामि दुक्कडम्." ती हसली आणि म्हणाली, "पप्पा, मीच पहिल्या दिवशी सांगायला हवे होते."

इमारतीची नळी साफ करणाऱ्या त्या कामगाराचे नाव मात्र आमच्यापैकी कोणी विचारून घेतले नव्हते.