'सुखरूप' कोणाला म्हणता?



कुंभकोणम हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी तीर्थक्षेत्र म्हणून ऐकले असेल. कावेरीकाठचे, तंजावरच्या भोसले राजांच्या मुलखातले हे गाव. मयिलाडुतुरैहून तंजावरला जाणाऱ्या जुन्या मेन लाइनवर त्याचे स्टेशन आहे. 16 जुलै 2004 रोजी सकाळी तिथल्या श्रीकृष्ण शाळेच्या इमारतीत मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग उठली आणि गवती छपराला लागली. वर लहान मुले कोंबलेली, जिना अरुंद. 94 मुले गेली.

पुढे सगळे रीतसर झाले. मदत जाहीर झाली, चौकशी आयोग बसला, खटला उभा राहिला. निकाल लागला 30 जुलै 2014 रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. दहा जण दोषी, अकरा निर्दोष. 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बहुतेकांच्या शिक्षा कमी तरी केल्या किंवा रद्द तरी केल्या. या साऱ्या काळात आईबापांनी आणि वाचलेल्या पोरांनी तीच सकाळ पुन्हा पुन्हा सांगायची: पोलिसांना, आयोगाला, न्यायालयाला. मेलेल्यांची मोजदाद होते, भाजलेल्यांचे टक्के काढतात. पण जे पोर अंगावर चटकाही न लागता धुरातून बाहेर आले, ज्या बापाने ओळीने ठेवलेल्या देहांतून आपली मुलगी ओळखून काढली, त्यांच्यासाठी सरकारी कागदात रकाना नसतो. ते 'सुखरूप'.

या एका शब्दाशी माझे भांडण आहे. कारण हाच शब्द आपल्या कंट्रोलच्या संदेशातही असतो. गाडी सुखरूप, क्रू सुखरूप.

आमच्या शाखेतल्या एका मोटरमनच्या गाडीखाली कॉलेजात जाणारी मुलगी आली. त्याने गाडी थांबवली, मेमो दिला, गाडी पुढे नेली. मग रेल्वे पोलिसांना जबाब, वरिष्ठांपुढे स्टेटमेंट, तपासासाठी पुन्हा जबाब. चौकशी चार वेळा, विचारपूस एकदाही नाही. पुढे तो किलोमीटरचा खांब जवळ आला की त्याला घाम फुटू लागला. रात्री झोपेत ब्रेक लावू लागला. बायको म्हणाली, मुलीला शाळेत सोडायलाही हे जात नाहीत. रेल्वेच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. डॉक्टरने कागदावर लिहिले तर गाडीवरून उतरवतील, मायलेज जाईल, ही भीती. शेवटी गुत्त्यात बसू लागला, तेव्हा प्रशासनाने दखल घेतली: चार्जशीट दिली!

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर 2023 या एका वर्षात अडीच हजारांच्या आसपास माणसे मेली, बरीचशी रूळ ओलांडताना. म्हणजे किती मोटरमन, किती गार्ड, मृतदेह उचलणारे किती हमाल आणि गँगमन हे पाहून घरी गेले असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. टपाल खात्यातल्या बांधवांनीही हे रेल्वेचेच दुखणे समजू नये. एकट्या सब-पोस्टमास्तरच्या गळ्याला सुरा लावून तिजोरी रिकामी होते, तेव्हा खाते आधी रोकड मोजते.

गंमत अशी की हे दुखणे मुळात आपल्याच खात्यात सापडले. 1866 साली लंडनचे सर्जन एरिकसन यांनी रेल्वे अपघातातून वरवर धडधाकट सुटलेल्या, पण नंतर खचत गेलेल्या उतारूंवर पुस्तक लिहिले. त्या दुखण्याला 'रेल्वे स्पाइन' म्हणू लागले. कंपन्यांना भरपाई द्यायची नव्हती. मग हा खरा आजार की ढोंग, यावर वकील-डॉक्टरांचा वाद वर्षानुवर्षे चालला. कादंबरीकार डिकन्स 1865 च्या स्टेपलहर्स्ट अपघातात असाच 'सुखरूप' होता. पुढे गाडीत बसला की त्याला धडकी भरे. पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हटले, आणि 1980 पासून पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताण.

जून 2023 मध्ये बालासोरच्या अपघातानंतर एनडीआरएफच्या महासंचालकांनी जाहीरपणे सांगितले, की आमच्या एका जवानाला पाणी पाहिले तरी रक्त दिसते, एकाची भूकच मेली आहे. खाकी वर्दीतला सर्वोच्च अधिकारी हे बोलू शकतो. मग आपल्या साहेबांना लाज कसली?

मी मॅट्रिक शिकलेला माणूस, डॉक्टरकी सांगत नाही. पण यावर उपचार आहे, हे प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. आघातानंतर पहिले काही आठवडे झोप उडणे, दचकणे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. महिना उलटूनही तेच दृश्य समोर येत राहिले, माणूस ती जागा टाळू लागला, घरच्यांवर खेकसू लागला, तर तो आजार आहे. अपघातानंतर एकदा सर्वांना बसवून 'मन मोकळे करा' म्हणण्याने तो टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या सूचना पहिल्या महिन्यात झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या देऊ नका असेच सांगतात. उपयोगी पडते ती आघातावर नेमकी बेतलेली मानसोपचार पद्धत. प्रशिक्षित माणसापुढे, सुरक्षित जागी, तीच घटना सावकाश, पुन्हा पुन्हा सांगायची. टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परत जायचे. साधारण आठ ते बारा बैठका. डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर ही पद्धतही मान्य आहे. गरज पडल्यास सर्ट्रालीनसारखी औषधे, तीही मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

म्हणजे कुंभकोणमच्या बापाने न्यायालयात सांगितले तेच, मोटरमनने पोलिसांना सांगितले तेच. पण तिथे उलटतपासणी असते, इथे उपचार असतो. 'आम्ही बोलते केले की' म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना हा फरक कोणीतरी समजावून सांगावा.

भरपाईच्या कायद्याची गोष्टही अशीच. 1923 च्या कायद्यातील व्यावसायिक आजारांच्या यादीत शिसे होते, पारा होता, मन नव्हते. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिथेही मनाला जागा मिळाली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र 2010 मध्येच हा आजार आपल्या यादीत घेतला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळणे हा हक्क केला. 2016 च्या अपंग हक्क कायद्यानुसार नोकरीत अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. साहेब हे कलम आपणहून दाखवणार नाहीत.

आपली मागणी साधी आहे. रन-ओव्हर किंवा अपघात झाला की त्या क्रूला तिथल्या तिथे मोकळे करा, भत्ता न कापता. प्रत्येक विभागीय रुग्णालयात या उपचाराचे प्रशिक्षण घेतलेला मानसोपचारतज्ज्ञ नेमा, कंत्राटी नव्हे. उपचार घेतला एवढ्याच कारणावरून कोणाला गाडीवरून उतरवू नका. आणि हा आजार कामावरची दुखापत म्हणून यादीत घाला.

सर्व शाखा सचिवांनी येत्या पीएनएमपूर्वी लेखी कळवावे: गेल्या वर्षभरात आपल्या हद्दीत किती रन-ओव्हर झाले, किती जणांना दुसऱ्याच दिवशी ड्युटी लावली, किती जणांना डॉक्टरकडे पाठवले. नावे नकोत, आकडे हवेत. टपालच्या शाखांनी दरोडे आणि हल्ल्यांचे कळवावे. तोवर टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर रनिंग रूममध्ये आणि सॉर्टिंग ऑफिसच्या फळ्यावर लावा. तिथे मराठीतही बोलता येते, चोवीस तास.