न ऐकणारा पशु

गेल्या सुटींत आमच्या दोघां नातवांत एका व्हिडिओ गेमवरून कडाक्याचें भांडण जुंपलें, व निवाड्यासाठीं आम्हांस त्यांच्यामध्यें बसविण्यांत आलें. खेळाचें नांव ‘द लास्ट गार्डियन’. जपानांतील फुमितो उएदा यांचा हा खेळ २००७ सालीं आरंभिला गेला व २०१६ च्या डिसेंबरांत प्लेस्टेशन ४ या यंत्रासाठीं बाहेर पडला.

कथा साधीच आहे. एक मुलगा गुहेंत जागा होतो. शेजारीं सांखळीनें जखडलेला, पिसांनीं झांकलेला महाकाय पशु, त्रिको. त्याच्या अंगांत रुतलेले भाले काढावे, त्यास खाऊं घालावें, आणि दोघांनीं मिळून भग्न मनोऱ्यांतून वाट काढावी.

दोष उघड आहेत. अरुंद जागीं कॅमेरा गोंधळतो, मुलगा अडखळतो, चित्रही मध्येंच मंदावतें. हे कारागिरीचे दोष होत. त्यांचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु थोरल्याची मुख्य तक्रार निराळी. ‘आजोबा, उडी मार म्हटलें तरी तो ऐकतच नाहीं!’ धाकटा म्हणाला, ‘म्हणूनच तो खरा वाटतो.’

येथें आमचें मत धाकट्याकडे झुकलें. रंगीत कांचेचा डोळा दिसतांच त्रिको भयानें थबकतो. मुलानें ती कांच फोडली कीं निमूट पुढें येतो. वर्गांत न ऐकणाऱ्या मुलांस आम्हीं वर्षानुवर्षें छडीनेंच उत्तर दिलें. तो भितो कशास, हें कधीं विचारलें नाहीं.

असो. खेळ सदोष खरा. पण थोरला ज्यास दोष म्हणतो, तोच त्याचा प्राण आहे.