सोंगास शिधा, धाकास नाहीं

गेल्या बाजारच्या दिवशीं आमच्या शाळेच्या वाटेवर एक प्रकार घडला, तो वाचकांच्या कानीं घालणें आम्हांस अवश्य वाटतें. घरधनी रानांत गेलेला, घरांत एक बाई व तापानें फणफणलेलें लेंकरूं. अशा वेळीं कडकलक्ष्मीचा पोतराज दारांत येऊन उभा राहिला. कमरेला चिंध्यांचा घोळ, पायांत चाळ, कपाळीं मळवट. बरोबर डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेतलेली बायको आणि ढोलकें वाजविणारा आठ-नऊ वर्षांचा पोरगा. बाईनें पसाभर जोंधळे आणून घातले. तेवढ्यानें त्याचें समाधान होईना. त्यानें अंगावर कोरडा ओढला, उंबऱ्याशीं ठाण मांडलें आणि म्हणाला, “बये, लेकराच्या अंगावर आईची नजर हाय. पाचशे एक रुपये काढ, न्हाईतर अवसेच्या आत काय हुईल ते म्या सांगत न्हाई.” बाईनें थरथरत्या हातानें डब्यांतले पैसे काढून दिले. ते पैसे मुलाच्या औषधाचे होते. संध्याकाळीं दवाखान्याची वाट धरतांना तिला शेजारणीपुढें पदर पसरावा लागला.

त्याच दिवशीं बाजारांत एक बहुरूपी खाकी कपडे, पट्टा व शिट्टी लावून फिरत होता. परगांवच्या एका पोरसवद्या भाजीवाल्यास त्यानें हटकलें, पाटी रस्त्यांत मांडल्याबद्दल ठाण्यावर नेण्याची धमकी दिली आणि दोनशे रुपये घेऊन तो गर्दींत नाहींसा झाला. आपल्यास लुटणारा शिपाई नव्हता, सोंगाड्या होता, हें त्या पोराला कळलें तेव्हां आजूबाजूचे लोक हंसत होते. आमच्या मतें ही गोष्ट हंसण्यासारखी नव्हती.

प्रथमच सांगून ठेवतों कीं, आम्ही सोंगाचे वैरी नाहीं. मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवीत पहाटे दारीं येणारा वासुदेव, मान डोलावणारा नंदीबैल, आज सावकार तर उद्यां फौजदार बनून येणारा बहुरूपी, यांनीं आपल्या बापजाद्यांचीं कष्टानें आंबलेलीं शरीरें घटकाभर हलकीं केलीं आहेत. ज्या काळीं गांवांत सिनेमा नव्हता, वर्तमानपत्र येत नव्हतें, त्या काळीं हेच लोक गाणें, विनोद आणि पंचक्रोशीची बातमी घेऊन येत. जुना बहुरूपी फौजदाराच्या वेषांत येई, “सासूला भाकर न घातल्याबद्दल तुमच्यावर वारंट आहे” म्हणून दरडावी, आणि शेवटीं स्वतःच हंसून आपलें सोंग उघडें करी. घरधनीहि हंसे व सुपांतले दाणे त्याच्या झोळींत घाली. द्यावयाचें तर राजीखुशीनें, न द्यावयाचें तर “पुढच्या साली ये बाबा” म्हणावयाचें, आणि त्यानें पुढच्या दारीं जावयाचें, अशी ही रीत होती. मनोरंजन झालें, त्याचा मोबदला मिळाला. यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं.

पण सोंग आपलें सोंगपण लपवूं लागलें, नकार ऐकून पुढें न जातां उंबऱ्यावर बसूं लागलें, पुरुष रानांत गेल्याची वेळ साधूं लागलें आणि शापाची भाषा बोलूं लागलें, म्हणजे ती कला राहत नाहीं. ती खंडणी होते. वेष कोणताहि असो, देवाचा कीं सरकारचा, खंडणी ती खंडणीच.

आतां त्या शापाचा विचार करूं. मरीआई ही पटकीची देवता मानली जाते. एके काळीं पटकी आली कीं गांवेंच्या गांवें ओस पडत, म्हणून आपल्या पूर्वजांनीं भिऊन तिला नवस बोलले. त्यांना दुसरा इलाज माहीत नव्हता. परंतु १८५४ सालीं लंडन शहरांत डॉ. जॉन स्नो यांनीं दाखवून दिलें कीं, एका पंपाचें दूषित पाणी पिणाऱ्या घरांतच माणसें मरत होतीं. त्या पंपाचा दांडा काढविण्यांत आला. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं आपल्याच देशांत, कलकत्त्यास, या रोगाचे जंतू शोधून काढले. पटकी पाण्यांतून येते. ती शापानें येत नाहीं आणि जोंधळ्यानें जात नाहीं. पाणी उकळून प्यावें, विहिरींत औषध टाकावें, जुलाब लागतांच मीठसाखरेचें पाणी पाजीत रोग्यास दवाखान्यांत न्यावें, एवढें केलें तर पुष्कळ जीव वांचतात. लेंकराच्या तापाचेंहि तसेंच आहे. डब्यांतला पैसा वैद्याकडे गेला तर कामीं येतो, धाक घालणाऱ्याच्या झोळींत गेला तर ताप तसाच राहतो. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून, देवाधर्माचें भय दाखवून शेतकऱ्यास कसें नागवलें जातें तें सांगितलें. तें भय जुन्या पोथींतून येवो कीं चिंध्यांच्या घोळांतून, नागवला जाणारा शेतकरी तोच आहे.

खाकी सोंगाविषयीं कायदा स्पष्ट आहे. फसविण्याच्या हेतूनें सरकारी नोकराचा वेष घालणें हा पूर्वीं १८६० च्या दंडसंहितेप्रमाणें गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणेंहि आहे. तेव्हां रस्त्यांत कोणी वर्दीवाला पैसे मागूं लागला, तर नांव विचारावें, ओळखपत्र मागावें, पावती मागावी. खरा शिपाई असेल तर त्यास राग येण्याचें कारण नाहीं. खोटा असेल तर तो तेथें थांबणार नाहीं.

येथवर वाचून कोणी तरणाबांड गडी मनांत म्हणेल, “एवढें कशाला? चार फटके द्यावे, परत गांवाचें तोंड पाहणार नाहींत.” त्यास आम्ही हात जोडून सांगतों, बाबा, राईनपाडा आठव. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गांवोगांव फिरत होती. भिक्षा मागावयास आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांस जमावानें तीच टोळी समजून धरलें, मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें आणि तेथें त्यांचे प्राण घेतले. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते, पोटासाठीं शेंकडों मैल आले होते. त्यांना ठार मारणारीं माणसें कोणी राक्षस नव्हतीं. तुमच्या-आमच्यासारखींच बाजाराला आलेलीं होतीं.

वाचकहो, नीट विचार करा. दारांत उभ्या असलेल्या पोतराजास औषधाचे पैसे काढून देणारा हात आणि अनोळखी भिक्षेकऱ्यावर धोंडा उचलणारा हात, या दोन्ही हातांना हलविणारी भीति एकच आहे. जो न विचारतां भितो, तो कधीं नागवला जातो, कधीं खुनी होतो. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, या दोन्ही पापांवर औषध एकच. भिऊं नका, विचारा.

आणि ज्याच्या हातीं कोरडा आहे त्याच्याकडेहि एकदां माणूस म्हणून पाहा. तो कोरडा प्रथम त्याच्याच अंगावर पडतो. त्यास जमीन नाहीं, घर नाहीं, कोणी कामावर ठेवीत नाहीं. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कायदा करून कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण भटक्यांकडे संशयानें पाहण्याची खोड गेली नाहीं. कित्येक पोतराज तर आईबापांच्या नवसानें झालेले. केंस वाढवून पोर देवीला वाहिलें, मग त्यास शाळा कोठली? १९३६ सालीं मुंबईंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पोतराज, भुत्ये, आराधी, जोगतिणी यांच्यापुढेंच बोलून त्यांस हें जिणें सोडण्याचा उपदेश केला. पुष्कळांनीं तें सोडलें. जे उरले त्यांना केवळ कायद्याचा बडगा दाखवून भागणार नाहीं. १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्यानें तर गाऊन, नाचून वा खेळ करून मागणें हीहि भीकच ठरविली, म्हणजे धाक घालणारा आणि आनंद देणारा एकाच दोरीनें बांधला. त्याच कायद्याचीं मुख्य कलमें ऑगस्ट २०१८ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें दिल्लीपुरतीं रद्द केलीं, तें उगीच नव्हे.

मग गांवानें करावें काय? ग्रामसभेंत ठराव करावा कीं, कलावंत येईल त्यास चावडीपुढें खेळ करूं द्यावा व गांवानें मिळून शिधा द्यावा. परंतु उंबऱ्यावर ठाण मांडणाऱ्यास, शाप देणाऱ्यास, वाट अडविणाऱ्यास दाणाहि देऊं नये. एकट्या बाईच्या दारीं कोणी अडून बसला तर शेजाऱ्यांनीं हांकेसरशीं जावें. हट्टच धरला तर ठाण्यास कळवावें, पण हात कोणीं उगारूं नये.

आणखी एक काम आमच्या पेशाचें आहे. ढोलकें वाजविणारा तो पोरगा आम्हीं पाहिला. त्याचा ताल एकदांहि चुकला नाहीं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेंत घेण्याचा २००९ चा कायदा आहे. जन्माचा दाखला नाहीं, मागच्या शाळेचा दाखला नाहीं, म्हणून त्यास परत पाठवितां येत नाहीं. त्या दिवशीं आम्हीं त्याच्या बापास पालावर जाऊन हें सांगितलें. बाप बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “गुरुजी, ह्यो शाळंत गेला तर ढोलकं कोन वाजवील?” त्यावर त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें उत्तर गांवानें मिळून द्यावयाचें आहे. त्या बापास मजुरी द्या, त्याच्या पालास जागा द्या, मग पोरगें शाळेंत येईल. ढोलकें तें शाळेच्या स्नेहसंमेलनांतहि वाजवील, आणि तेव्हां आपण सारे मिळून त्याला खुशीनें बक्षीस देऊं.