भांड्यावर नाव कुणाचं?

होस्टेलच्या कुठल्याही खोलीत जा, एक तरी स्टीलचा पेला सापडतोच, ज्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं असतं, ‘अमुक यांजकडून सप्रेम भेट’ आणि खाली लग्नाची तारीख. देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचंही असतं. घडवणाऱ्याचं? छे! माझं म्हणणं, निदान हाताने घडवलेल्या भांड्यावर तरी ते असावं.

युरोपात पूर्वी प्यूटरच्या मगमधून पीत (काय पीत ते रेक्टर सरांसमोर नको). प्यूटर म्हणजे बहुतांश कथील, त्यात थोडं तांबं वगैरे. कारागिराला पैसे वाचवायचे असले की तो शिसं वाढवायचा, आणि ते जायचं पिणाऱ्याच्या पोटात. म्हणून इंग्लंडमध्ये १५०३ च्या कायद्याने प्रत्येकाला आपला शिक्का मारणं सक्तीचं झालं. लंडनचा कारागीर-संघ हे शिक्के पत्र्यांवर उठवून जपून ठेवी. जुने पत्रे १६६६ च्या आगीत गेले. नंतरचे आजही आहेत. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वीचा मग कुणी घडवला, हे पुष्कळदा सांगता येतं.

आता आपल्या कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. पेशवाईपासूनची वस्ती. तिथलं मठारकाम बघाच एकदा. गुळगुळीत हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी पडत जातो, तांब्याला चकाकी येते आणि पत्रा ताठ होतो. आपण वर्क हार्डनिंगवर दहा मार्कांचं उत्तर लिहितो, ते हेच! पण बंब असो की घंगाळ, त्यावर त्या हाताचं नाव शोधून सापडणं कठीण. कल्हईचंही तसंच. आमटी कळकू नये म्हणून कथील लावतात. त्यात शिसं मिसळलं तर विचारायचं कुणाला?

कुणी म्हणेल, आळीत सगळे एकमेकांना ओळखतात, शिक्का कशाला? गिऱ्हाईक आळीत जात होतं तोवर ठीक होतं. आता तांब्याची बाटली शोरूममधून येते आणि खोक्यावर नाव असतं ते विकणाऱ्याचं.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या वेड्यावाकड्या जॉबवरसुद्धा आपण रोल नंबर पंच करतो. आणि जन्मभर ठोके मारणारा माणूस बिननावाचा!

पंच बनवणं काही अवघड नाही. टूल स्टीलचा तुकडा, टोकाला उलटं अक्षर, मग हार्डनिंग, टेंपरिंग. गॅदरिंगच्या आधी दहा-बारा बनवून आळीत नेऊन द्यायचे म्हणतोय. अक्षर कुठलं, ते अर्थात त्यांनाच विचारून. मेकॅनिकलवाले कोण कोण येताय?