वाढत्या जिल्ह्याचे पिकते केस

जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ असेल, अशी अधिसूचना केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये काढली. तेव्हापासून राजधानीतील चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिली. जातनिहाय आकडे काय दाखवतील आणि मतदारसंघ पुनर्रचनेत कोणत्या राज्याच्या पदरात किती जागा पडतील, हे ते प्रश्न. दोन्ही महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्यांच्या दृष्टीने जनगणनेतील सर्वांत मोलाचा तक्ता वेगळाच आहे. तो आहे वयाचा. दिल्लीला खेटून असलेल्या गुरुग्राम जिल्ह्याचे उदाहरण या संदर्भात बोलके ठरावे.

२००१ ते २०११ या दशकात या जिल्ह्याची लोकसंख्या ७३ टक्क्यांनी वाढून १५ लाखांवर गेली. त्याच काळात हरियाणाची वाढ २० टक्क्यांच्या आसपास होती. एवढी तफावत पाळण्यांनी पडत नाही. ती रेल्वे आणि बसमधून उतरणाऱ्यांनी पडते. १९८३ मध्ये मारुतीच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली, १९९७ मध्ये जीई कॅपिटलने आपले सेवाकेंद्र येथे उभारले आणि त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची रीघ लागली. प्रत्येक लाटेने पंचविशी-तिशीतले हात आणले. त्यामुळे जिल्ह्याच्या वयोरचनेचा मनोरा पायथ्याशी नव्हे, तर मध्यावर फुगला.

धोरणकर्त्यांची फसगत होते ती येथेच. बाहेरून तरुण येत राहिले की जिल्ह्याचे सरासरी वय कमी दिसते आणि जिल्हा चिरतरुण असल्याचा भास होतो. वस्तुतः एकाच लाटेत आलेली माणसे एकाच वेळी म्हातारी होतात. मारुतीच्या पहिल्या पिढीतला कामगार आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. १९९७ मध्ये पंचविशीत रुजू झालेला कर्मचारी २०३२ मध्ये साठी गाठेल. गावाचे वार्धक्य पिढ्यान्‌पिढ्या थोडेथोडे उतरते. स्थलांतरावर पोसलेल्या शहराचे मात्र वसाहतीमागून वसाहत, एकगठ्ठा येते. डोंबिवली आणि ठाण्यातील लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेल्या ज्येष्ठांनी हे वास्तव केव्हाच अनुभवले आहे.

शेजारच्या नूहचे चित्र नेमके उलट आहे. २००५ मध्ये मेवात या नावाने वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्याही २०११ पर्यंतच्या दशकात सुमारे ३८ टक्क्यांनी वाढली. पण ती घराघरांत जन्मलेल्या मुलांमुळे. साक्षरता अवघी ५४ टक्के. २०१८ मध्ये आकांक्षी जिल्ह्यांच्या यादीत नूहचा समावेश करावा लागला. एका जिल्ह्याला हृदयविकार आणि गुडघ्यांचे दवाखाने लागणार आहेत, तर दुसऱ्याला अंगणवाड्या आणि मुलींच्या शाळा. गंमत अशी, की २००८ च्या पुनर्रचनेपासून हे दोन्ही जिल्हे गुडगाव या एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत. खासदार एक, वाढीचा वेगही दोन्हीकडे मोठा. गरजा मात्र दोन टोकांच्या. दरडोई निधीच्या हिशेबात हा फरक उमटत नाही.

कायदा आणि तिजोरी या दोहोंची गती याहून मंद आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे आणि तो २००७ पासून तेवढाच राहिला आहे. संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीने वाढीची शिफारस वारंवार केली, पण आकडा हलला नाही. हरियाणाने आपले निवृत्तिवेतन जानेवारी २०२४ पासून ३,००० रुपयांवर नेले. मात्र त्याला राज्याच्या रहिवासाची अट आहे. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने सांभाळाची जबाबदारी मुलांवर टाकली. त्यात सुधारणा करणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले आणि सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये व्यपगत झाले.

शिवाय, शहरातला प्रत्येक वृद्ध तेथेच म्हातारा झालेला नसतो. नाशिक, सांगली किंवा अमरावतीहून मुलाकडे राहायला आलेले आईवडील राजधानी परिसरातील मराठी घरांतून सर्रास आढळतात. त्यांचे शिधापत्रक, मतदारयादीतले नाव आणि अनेकदा औषधोपचाराची सवलतही गावाकडे असते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेत घेण्यात आले. आधारवर मिळणारे आणि राज्याची सीमा ओलांडून चालणारे हे कार्ड योग्य दिशेचे पाऊल आहे. पण रुग्णालयात भरती व्हावे लागेल तेव्हाच ते कामी येते. रोजची गोळी, आधाराचा हात आणि चालण्याजोगा पदपथ त्यातून मिळत नाही. आणि हे ज्येष्ठ येथले मतदार नसल्याने नगरसेवकाला वा आमदाराला त्यांची आच लागण्याचे कारणही उरत नाही.

म्हणूनच आगामी जनगणनेतील वयाचे तक्ते प्रभागनिहाय आणि विनाविलंब प्रसिद्ध करण्याची मागणी संसदेत व्हायला हवी. २०११ नंतर जिल्ह्याजिल्ह्यांची प्रत्यक्ष वयमोजणी झालेली नाही. दीड दशकाच्या जुन्या फोटोवरून माणूस ओळखण्याचा हा प्रकार आहे. देशातील साठीपुढील नागरिकांचे प्रमाण २०११ मध्ये ८.६ टक्के होते आणि अधिकृत प्रक्षेपणानुसार २०३१ मध्ये ते १३.१ टक्क्यांवर जाईल. ही सरासरी नूहला लागू पडणार नाही आणि गुरुग्रामच्या जुन्या वसाहतींनाही नाही. निधीवाटपात एकूण लोकसंख्येच्या जोडीला वयोरचनेचा निकष आणणे आणि निवृत्तिवेतनाचा हक्क राज्याच्या सीमेवर न अडवणे, या दोन गोष्टी केंद्राच्या हातातल्या आहेत.

मध्यावर फुगलेला मनोरा म्हणजे आज कर भरणारी, उद्या आधार मागणारी पिढी. तिच्या कमाईची वर्षे अजून पुरती सरलेली नाहीत, तोवरच तिच्या वार्धक्याची तरतूद स्वस्तात होऊ शकते. डोक्यांची संख्या कितीही वाढो, वयाची किंमत चुकत नाही. ती आज मोजायची की उद्या व्याजासह, एवढाच निर्णय राज्यकर्त्यांच्या हाती आहे.