अनुकरण आणि अनुशीलन

एका वाचक-भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, घरांतील तरुण मुलगा एका परदेशी गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या दिवसभर जशाच्या तशा वाजवीत बसतो. वडील मंडळी ह्यास नक्कल म्हणतात, मुलगा विद्या म्हणतो. तर खरें कोणाचें? वादकाचें नांव त्यांनीं कळविलें आहे, तें ॲलन होल्ड्सवर्थ. हें नांव वाचून आम्हांस समाधान झालें. कारण ह्या प्रश्नाचें उत्तर ह्याच वादकाच्या अनुयायांनीं देऊन ठेविलें आहे.

होल्ड्सवर्थ ह्यांचा जन्म १९४६ सालीं इंग्लंडांत ब्रॅडफर्ड येथें झाला. संगीताचे पहिले धडे त्यांस घरच्याच पियानोवादक वडीलधाऱ्यांकडून मिळाले. मन होतें सॅक्सोफोनवर. परंतु तें वाद्य घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून हातीं गिटार आली. आतां तारेचा स्वभाव असा कीं, ती छेडतांच नाद उमटतो आणि लागलाच क्षीण होऊं लागतो. स्वर सुटे सुटे ऐकूं येतात. उलट फुंकीच्या वाद्यांत एका श्वासांत अनेक स्वर वाहत जातात. जॉन कोल्ट्रेन ह्या थोर अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचा ध्यास घेतलेल्या ह्या तरुणानें मग गिटारकडूनच तो वाहता स्वर काढावयाचें मनावर घेतलें.

तार एकदां छेडावयाची आणि पुढील कितीएक स्वर डाव्या हाताच्या बोटांच्या नेमक्या आघातांनींच काढावयाचे, ही त्यांची रीत. तिकडे ह्यास 'लेगॅटो' म्हणतात. ही युक्ति त्यांच्यापूर्वींही होती. पण बोट ओढून काढतांना तारेचा जो ओरखडा ऐकूं येतो तो त्यांस खपत नसे, म्हणून ते बोट सरळ वर उचलीत. आपल्याकडे विलायतखांसाहेबांनीं सतारींत गायकी अंग आणलें, त्याच जातीची ही तळमळ. मात्र आपली मींड तार खेंचून निघते, येथें साधन निराळें. स्वरावलीही त्यांनीं आयत्या घेतल्या नाहींत. सप्तकांतील बारा स्वरांचे गणिती प्रस्तार मांडून, ज्यांत चारांहून अधिक अर्धस्वर लागोपाठ येतात ते त्यांनीं टाकून दिले आणि उरलेले अभ्यासिले. 'संगीतरत्नाकरां'तील खंडमेरु ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हा उद्योग ओळखीचा वाटेल.

१९७५ सालीं टोनी विल्यम्स ह्या तबकवाद्यांच्या कसबी वादकाबरोबर 'बिलीव्ह इट' ही ध्वनिमुद्रिका निघाली, आणि जाझ व रॉक ह्यांच्या संगमांतील हा नवा आवाज जाणत्या वादकांच्या कानीं गेला. त्यांपैकीं तिघांचेंच उदाहरण घेऊं.

पहिले एडी व्हॅन हेलन. ह्यांची कीर्ति जगभर झाली होती; तरी जें होल्ड्सवर्थ एका हातानें करितात त्यास आपणांस दोन्ही हात लागतात, अशी कबुली त्यांनीं मोकळेपणानें दिली. ह्यांनींच खटपट करून त्यांस एका बड्या कंपनीचा करार मिळवून दिला, व १९८३ सालीं 'रोड गेम्स' निघाली. दुसरे स्वीडनच्या 'मेशुगा' संघांतील फ्रेड्रिक थोर्डेन्डाल. घणाचे घाव पडावेत तशा कठोर, आडव्या लयीवर त्यांनीं तोच वाहता स्वर सोडला. तिसरे अमेरिकेंतील मेम्फिसचे शॉन लेन. हे तर थेट आपल्या दक्षिणेकडे वळले. कंजिरावादक सेल्वगणेश ह्यांच्यासह त्यांनीं केलेली ध्वनिमुद्रिका २००० सालीं प्रसिद्ध झाली. १९६३ सालीं जन्मलेले हे गृहस्थ २००३ सालींच निवर्तले.

तिघांनीं एकाच ठिकाणाहून घेतलें. पण तिघांपैकीं एकही दुसऱ्यासारखा वाजत नाहीं, आणि होल्ड्सवर्थसारखा तर नाहींच नाहीं. त्यांनीं उत्तर उचललें नाहीं, प्रश्न उचलला. 'माझ्या वाद्यास जें येत नाहीं तें त्याजकडून कसें वदवूं?' हा तो प्रश्न. स्वर उचलणारा नकलाकार होतो; प्रश्न उचलणारा शिष्य होतो. तथापि पहिली पायरी दोघांची एकच आहे, हें वडील मंडळींनीं विसरूं नये. आपल्याकडेही गुरूची तान वर्षानुवर्षें घोकल्याखेरीज कोणाचा गळा तयार झाला आहे?

मुलासही एक गोष्ट सांगावयाची आहे. होल्ड्सवर्थ ह्यांस जाणत्यांचा मान भरपूर मिळाला, द्रव्य फारसें मिळालें नाहीं. १९८२ सालीं त्यांनीं स्वतःच प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रिकेचें नांव 'आय. ओ. यू.', म्हणजे 'मी तुमचें देणें लागतों', असें होतें. १५ एप्रिल २०१७ रोजीं कॅलिफोर्नियांत ते वारले, तेव्हां अंत्यविधीच्या खर्चासाठीं वर्गणीचें आवाहन करावें लागलें. आणि मागितलें होतें त्याच्या कितीतरी पट द्रव्य चाहत्यांनीं थोड्याच दिवसांत पाठविलें. देणें कोण कोणाचें लागत होतें, हें त्या वेळीं जगास दिसलें.

तेव्हां भगिनींनीं मुलाचें वाद्य बंद करूं नये. ध्वनिमुद्रिका मात्र अधूनमधून बंद करावी, आणि 'आतां तुझें कांहीं ऐकव' असें म्हणून वडील मंडळींसह समोर बसावें. पहिल्या दिवशीं तो अडखळेल. पण विद्येचा आरंभ त्या अडखळण्यांतच आहे, असें आम्हांस वाटतें.