ब्राह्मी अंक संगणकात आले, पुढे काय?

भास्कराचार्यांचा अभिमान खानदेशाने बाळगावा, हे रास्तच आहे. चाळीसगावजवळील पाटणे येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, असे इ.स. १२०७ चा शिलालेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे देणारी ‘लीलावती’ ही स्थानमूल्य पद्धतीची परिपक्व अवस्था होय. पण तिच्या आधी काय होते?

त्याचे उत्तर नाणेघाटात आहे. तेथील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांच्या संख्या कोरलेल्या आहेत. त्यांत शून्य नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा मूलगामी अभ्यास केला.

हे अंक २०१० साली युनिकोडच्या ६.० आवृत्तीत समाविष्ट झाले. त्यात जुन्या पद्धतीची वीस संख्याचिन्हे वेगळी आणि शून्यासह दहा स्थानमूल्य अंक वेगळे ठेवले आहेत. हा भेद महत्त्वाचा आहे. शंभरासाठी एकच चिन्ह कोरणाऱ्याच्या लेखात एकापुढे दोन शून्ये मांडली, तर वाचन सुलभ होईल, पण इतिहास खोटा ठरेल. शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडून चारशे लिहीत. त्यासाठीचा जोडक २०१४ च्या ७.० आवृत्तीत आला. त्याच आवृत्तीत मोडी लिपीही तिच्या अंकांसह आली.

ब्राह्मीचा प्रस्ताव २००७ साली स्टीफन बाउम्स आणि अँड्र्यू ग्लास या पाश्चात्त्य अभ्यासकांनी मांडला. त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य करावे. मात्र वारसा आमचा आणि परिश्रम इतरांचे, ही स्थिती स्वाभिमानी समाजाला शोभणारी नाही.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागदपत्रे गोळा केली. १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचे देहावसान झाले आणि १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ त्यांचा संग्रह जपत आहे. अशा कागदांचे छायाचित्र घेतले की काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. छायाचित्र कागदाचे रूप जपते. पण त्यातला शक, रक्कम वा गावाचे नाव संगणकाला शोधता येत नाही. त्यासाठी कोणीतरी मूळ अक्षर वाचून ते संकेतबद्ध करावे लागते.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने आणि धुळ्याच्या मंडळाने मिळून लिपिवाचन जाणणारी तरुण पिढी घडवावी. गणित, इतिहास आणि संगणक या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना येथे काम आहे. संकेतांक मिळाला म्हणजे लिपी जिवंत झाली असे नव्हे. ती वाचणारे डोळे हवेत. चांगदेवाने आजोबांचा पुतळा उभारला नाही, मठ उभारला. खानदेशाने एवढे तरी ध्यानी घ्यावे.